भरती-ओहोटीचा चौकोन परत छापा, आणि जमलं तर वाऱ्याचा पण

मा. संपादक साहेब, स.न.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर सूर्योदय-सूर्यास्ताच्या खाली भरती-ओहोटीच्या वेळांचा एक छोटासा चौकोन यायचा, तो दोन-अडीच महिने झाले गायब आहे. आधी वाटलं जाहिरातीमुळे एखाद दिवस उडाला असेल, मग आठवडा गेला, मग महिना गेला, आणि आता त्या जागी राशिभविष्य ऐसपैस पसरलंय आणि शेजारी समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटची जाहिरात, म्हणजे समुद्र बघायचे कोटीभर रुपये द्या पण तो आत येतोय का बाहेर चाललाय ते विचारू नका. चिडून लिहीत नाहीये, म्हणजे थोडं चिडूनच लिहितेय, पण मुख्य कारण म्हणजे त्या चौकोनावाचून एका रविवारी आमची जी फजिती झाली ती तुम्हाला कळावी. चूक माझीच होती हे आधीच सांगून टाकते.

मी माझगावची, फोर्टात नोकरी, माहेर अलिबागजवळचं थळ. आमच्या ऑफिसातले एक रिटायर झालेले साहेब आहेत, त्यांची वीस फुटी जुनी शिडाची होडी आहे, ऑक्टोबर ते मे गेटवेसमोर ज्या होड्या डोलत असतात त्यातली एक. शिडाची होडी म्हणलं की लोकांना वाटतं पैसेवाल्यांची चैन, पण ही होडी साहेबांच्या शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा स्वस्तात आलेली आहे आणि तिचा अर्धा रंग मी मारलाय. गेली सहा-सात वर्षं मी आणि माझा भाचा त्यांच्याबरोबर जातो. साहेब सुकाणू धरतात, भाचा पुढचं शीड सांभाळतो, आणि मोठं शीड आणि भरती-ओहोटी बघणं हे माझं खातं. दोर ओढायला मला दोन वर्षं शिकवलं त्यांनी, शीट म्हणजे कागद नाही, शिडाचा दोर, हे कळायलाच एक रविवार गेला होता.

तर फेब्रुवारीतला रविवार. शनिवारी सवयीने तुमचा पेपर उघडला, चौकोन नाही. म्हणलं ठीके, आपल्याला मामाचं गणित येतं. थळचा माझा मामा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान, होता, आता ऐंशीच्या पुढे आहे, त्याने लहानपणीच शिकवलेलं की तिथीची पाऊणपट कर, भरती त्या वाजता. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाला, असं. कालनिर्णय बघितलं, वद्य दशमी, दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला पूर्ण भरती, मग ओहोटी, साधारण पावणेदोनला ओहोटी संपणार आणि परत भरती लागणार. एकदम झकास! जाताना ओहोटी बाहेर ढकलणार, येताना भरती घरी आणणार, मधे थळसमोरच्या खांदेरी बेटाजवळ डबा खायचा. मी साहेबांना फोन करून एवढ्या ऐटीत सांगितलं की त्यांनी परत काही तपासलं नाही.

आता गणितात काय राहिलं ते मामाला नंतर फोन केल्यावर कळलं. हे पाऊणपटीचं गणित उधाणाच्या दिवसांत बरोबर चालतं, भांगाच्या दिवसांत म्हणजे अष्टमीच्या आसपास ते तासभर पुढंमागं होतं. मामा म्हणाला, मी तेव्हाच सांगितलेलं, तू तेव्हा आंबोशी खात होतीस.

आणि खरं म्हणजे सकाळीच कळायला हवं होतं. सव्वासातला गेटवेच्या पायऱ्यांवरून छोट्या होडीने आमच्या होडीकडे जाताना मी बघितलं की नांगरलेल्या सगळ्या होड्यांची तोंडं समुद्राकडे आहेत. नांगरलेली होडी प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे पाणी अजून आत येत होतं. साडेसात झाले, पावणेआठ झाले, तोंडं तिकडेच. मी बघितलं आणि चहा प्यायला लागले. डोळ्यांनी दिसत होतं तरी डोक्यातलं साडेसात जाईना, असं होतं ना कधीकधी.

पण वारा सुंदर होता. सकाळचा मतलई, ईशान्येकडून, गार, सात-आठ नॉट असेल, म्हणजे ताशी तेरा ते पंधरा किलोमीटर. खारे वारे आणि मतलई वारे हे आपण सगळ्यांनी शाळेत भूगोलात दोन मार्कांना पाठ केलंय, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे, पण तो प्रश्न अंगावर घेतल्याशिवाय समजत नाही. गेटवे मागे पडला, मोठ्या जहाजांच्या चॅनेलपाशी एक भलंमोठं कंटेनर जहाज जाऊ दिलं (चॅनेलमध्ये शिडाच्या होडीनेच बाजूला व्हायचं असतं, शिडाला पहिला मान वगैरे तिथं चालत नाही), सनक रॉकचं दीपगृह डावीकडे ठेवलं आणि मागून वारा घेऊन दक्षिणेला सुटलो. पाणी होडीच्या पोटाखाली बुडबुड बुडबुड वाजत होतं, बोलायचं कोणालाच सुचत नव्हतं. दहापर्यंत खांदेरी नीट दिसायला लागली होती, दीपगृहाचा पांढरा मनोरा सुद्धा.

सव्वादहाला वारा पडला.

वारा कमी होणं आणि वारा पडणं ह्यात फरक आहे. कमी होतो तेव्हा होडी हळू होते. पडतो तेव्हा पहिल्यांदा आवाज जातो, ते बुडबुड बंद होतं, मग शीड पोट सोडतं, दोर ढिला पडून पाण्याला लागतो, आणि सुकाणू हातात मेल्यासारखं होतं, इकडे फिरवा तिकडे फिरवा होडीला काही घेणंदेणं नाही. पाणी तेलासारखं झालं. ऊन एकदम जाणवायला लागलं. आणि त्यात मांडव्याला जाणाऱ्या कॅटामरान बोटींच्या लाटा येतात, लांबून गेलेल्या बोटीची लाट पाच मिनिटांनी येऊन पोचते आणि होडी गदागदा हलते, शीड ह्या बाजूला थाड त्या बाजूला थाड, खालचा आडवा दांडा डोक्यावरून सपासप फिरतो, मी त्याला दोरीने बांधून टाकला शेवटी. जवळून एक स्पीडबोट गेली ती मुद्दाम हळू झाली आणि एकाने ओरडून विचारलं, बंद पडली काय? भाचा ओरडला, वारा बंद पडलाय! तो माणूस बराच वेळ आमच्याकडे बघत होता.

इंजिन नव्हतं. म्हणजे आहे एक छोटं मागे लावायचं, ते सर्व्हिसिंगला दिलेलं, साहेब म्हणाले एक दिवस त्याच्यावाचून काय अडतंय. वल्ही होती दोन, लाइफ जॅकेट सगळ्यांना, वायरलेस चालू सोळा नंबरवर. म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं, हे आईने पेपर वाचलाच तर तिच्यासाठी लिहितेय.

आता अशा वाऱ्यात काय करतात ते सांगते कारण हे कोणी लिहीत नाही, शिडाच्या होडीचा फोटो छापायचा म्हणलं की नेहमी कलंडलेली होडी, उडालेलं पाणी, केस भुरभुर. खरं शिकणं ह्या मेलेल्या वाऱ्यात होतं. पहिली गोष्ट, हलायचं नाही. कोणी पाण्याची बाटली घ्यायला उठला तरी शिडात साठलेला चिमूटभर वारा सांडतो. दुसरी, सगळ्यांनी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला बसायचं, एरवीच्या बरोबर उलट, म्हणजे होडी थोडी कलते आणि शीड स्वतःच्या वजनाने पोट धरतं. शीड घट्ट ओढायचं नाही, ढिलं ठेवायचं. आणि वारा कुठून येतोय हे शोधायचं, कारण गालाला कळत नाही इतका तो बारीक असतो. साहेबांनी उदबत्ती काढली आणि डोलकाठीच्या तारेला टेपने चिकटवून पेटवली. भाच्याला वाटलं पूजा करताहेत, त्याने चप्पल काढली. पण तो धूर बघण्यासारखा असतो, सरळ वर जातो, मग कंबरेत वाकतो, मग क्षणभर दक्षिणेकडून आलेला दिसतो, शीड फिरवेपर्यंत परत सरळ. पाण्यावर कुठे काळपट सुरकुतलेला पट्टा दिसला की तिथे वारा आहे असं समजायचं, आमच्यापासून शंभर मीटरवर असे पट्टे येऊन जात होते, आमच्या वाट्याला एकही नाही.

एकदा मात्र वारा नाकाला आधी कळला. थळच्या बाजूने सुक्या मासळीचा वास आला, पक्का, मला माहेरचं अंगण दिसलं, आणि मग दहा सेकंदांनी शीड भरलं. तीन-चार मिनिटं चाललो असू. मग गेला. इथे साहेबांचं आणि माझं वाजलं, कारण साहेब प्रत्येक झुळुकीला होडी वळवत होते, दक्षिणेची आली वळव, पूर्वेची आली वळव, आणि वळवताना जो काही थोडा वेग असतो तो मरतो. मी म्हणलं साहेब एक दिशा धरून बसा, येईल तो घ्या नाही तो जाऊ द्या. ते म्हणाले, तुम्हाला ऑफिसात पण घाईच नव्हती. असो. नंतर चहा देताना ते स्वतःच म्हणाले की आपले नौदलातले दिलीप दोंदे शिडाच्या होडीने एकटे जगाला फेरी मारून आले, २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघून २०१० च्या मे मध्ये मुंबईलाच परत, विषुववृत्ताजवळचा निर्वात पट्टा ओलांडून, तिथे कोणाशी भांडले असतील?

साडेबाराला डबे काढले. थालीपीठ, दही, शेंगदाणे. आणि इथे तुमचा चौकोन आठवायची वेळ आली. खाता खाता माझं लक्ष गेलं की खांदेरीचं दीपगृह मघाशी थळच्या खत कारखान्याच्या धुरांड्यांच्या एका बाजूला होतं ते आता दुसऱ्या बाजूला जायला लागलंय. मामा हेच सांगायचा, जवळची एक खूण आणि लांबची एक खूण एका रेषेत धर, रेषा मोडली की तू सरकतोयस. वारा शून्य, होडी जागच्या जागी आहे असं सगळ्यांना वाटत होतं, कारण आजूबाजूचं पाणी पण आपल्याबरोबरच चाललेलं असतं, आणि आम्ही आपले थालीपीठ खात खात बेटाला बगल देऊन दक्षिणेला निघालो होतो.

साहेबांनी ताबडतोब नांगर टाकला. दोर ताणला, होडीने तोंड फिरवलं, आणि मग दिसलं. पाणी चाललं होतं. उभ्या होडीच्या दोन्ही बाजूंनी नदीसारखं. भाचा इंजिनीअरिंगला आहे, त्याने होडीच्या नाकावरून शेंगेचं टरफल टाकलं आणि मोबाईलवर वेळ मोजली, वीस फूट मागे यायला सोळा सेकंद. म्हणजे ताशी एक किलोमीटर आणि वर तीन-चारशे मीटर. वाचायला काहीच नाही वाटत, पण वल्ही मारून त्याच्या उलट मुंबई गाठायची म्हणलं तर दोन दिवस लागतील. मी घड्याळ बघितलं, एक. माझ्या हिशेबाने पाऊण तासात ओहोटी संपणार. पावणेदोन झाले, टरफल टाकलं, अजून बाहेरच. दोन झाले. बाहेरच. साहेब काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं, वीस वर्षांपूर्वी बॅलन्स टॅली नाही झालं की बघायचे तसंच.

मग भाच्याने, देव त्याचं भलं करो, खिशातून फोन काढून ॲप उघडलं आणि म्हणाला, मावशी ओहोटी दोन पस्तीसला आहे. म्हणलं हे तुझ्याकडे सकाळपासून होतं? तर म्हणे तू एवढी कॉन्फिडंट होतीस.

तर आता तुमच्या ऑफिसात कोणीतरी म्हणेलच की ॲप आहे ना मग चौकोन कशाला. सांगते. ॲप तुम्हाला हवं तेव्हा बघता येतं म्हणून कोणी बघत नाही. पेपरातला चौकोन न मागता समोर येतो, चहा पिता पिता डोळ्याखालून जातो, रोज थोडी थोडी पुढे सरकणारी वेळ नकळत अंगात मुरते, अष्टमीच्या आसपास ती कशी एकदम मोठी उडी घेते तेही. तो चौकोन चालू असता तर मला दशमीची वेळ पाठ झालेली असती. आणि मामाकडे ॲप नाही. त्याच्याकडे बटणाचा फोन आहे आणि तुमचा पेपर आहे, तो दुपारी एसटीने थळला पोचतो तरी तो चौकोन कापून दाराला चिकटवायचा, आळीतल्या बायका शिंपल्या-कालवं काढायला जायच्या आधी त्याच्या दारावर बघून जायच्या. सध्या दारावर जुनाच कागद आहे.

त्या दीड तासात समोर खांदेरी होती, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १६७९ मध्ये महाराजांनी ह्या बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईचे इंग्रज आपली मोठी जहाजं घेऊन अडवायला आले. महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी बेटावर होता, आणि थळ-नागावकडून आपल्या छोट्या होड्या रात्रीबेरात्री सामान घेऊन बेटावर जायच्या, इंग्रजांना त्या धरता येईनात. शाळेत हे वाचलं तेव्हा मला वाटायचं शौर्य शौर्य म्हणजे तलवारच. पण त्या पडलेल्या वाऱ्यात नांगर टाकून बसल्यावर पटलं, ह्याच पाण्यात, मोठं जहाज वारा पडल्यावर आमच्यासारखं ओंडका होऊन बसतं, आणि उथळ बुडाची होडी वल्ही मारत त्याच्या नाकासमोरून निघून जाते. त्या ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं एक जहाज, डव्ह नावाचं, मराठ्यांनी पकडलंच, आणि १६८० च्या जानेवारीत इंग्रज नाद सोडून गेले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं त्यात खांदेरी आहे, तुम्ही पहिल्या पानावर छापलंत, छान छापलंत. पण तो किल्ला ज्या पाण्यावाऱ्याच्या जोरावर टिकला त्या पाण्याची वेळ मात्र राशिभविष्यात गेली.

सव्वादोनच्या सुमाराला एक मासेमारीची बोट जवळ आली. तांडेल वयस्कर होता, त्याने वेग कमी केला, दोर टाकू का म्हणाला. साहेब म्हणाले नको, वारं येतंय आता. तो हसला, म्हणाला, वारं आमच्या आज्याबरोबर गेलं, आता डिझेल आहे. पण जाता जाता त्याने हात करून वायव्येला दाखवलं. तिकडे क्षितिजावर पाण्याची एक गडद निळी रेघ होती, बॉर्डर लावल्यासारखी, आणि लांबच्या बोटींवरचे झेंडे, जे सकाळपासून लोंबत होते, ते एकेक करून उठत होते, लांबचा आधी, मग त्याच्या अलीकडचा. आम्ही नांगर उचलला. रेघ आली, उदबत्तीचा धूर (चौथी चालू होती) एकदम आडवा झाला, दोर माझ्या हातात जिवंत झाला, आणि ते बुडबुड परत सुरू झालं. इतका वेळ जमीन तापत होती म्हणजे तिकडे गरम हवा वर चढत होती आणि ही सगळी थंड हवा तिच्या जागी निघाली होती, दोन मार्कांचा प्रश्न, आला बाबा एकदाचा.

मग काही सांगण्यासारखं नाही. दहा-बारा नॉट वारा, अडीचनंतर पाणी पण फिरलं, दोघांनी मिळून घरी आणलं. शेवटी वारा उत्तरेकडे सरकत गेला, बरोबर नाकावर आला, त्यामुळे बंदरात शिरताना एक टॅक डावीकडे एक टॅक उजवीकडे असं नागमोडी यावं लागलं, कुलाब्याच्या इमारती चार वेळा वेगवेगळ्या बाजूने बघितल्या. सहा वाजून दहा मिनिटांनी गेटवे. तोंडं सगळी लाल.

तर मागणी एवढीच. भरती-ओहोटीचा चौकोन परत सुरू करा, वेळ आणि मीटर दोन्ही. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी तुम्ही मोठ्या अक्षरात देता, लोक मरीन ड्राइव्हला भिजायला जातात, बाकीचे आठ महिने समुद्र काय सुट्टीवर जातो का? आणि जमलं तर त्याच्याखाली एक ओळ वाऱ्याची. आत्ता तुम्ही हवामानात वारा ताशी अमुक किलोमीटर असा एकच आकडा छापता, त्याला काही अर्थ नाही, मुंबईत फेब्रुवारीत सकाळी ईशान्येचा वारा असतो, दहा-अकराला पडतो, दुपारी वायव्येचा येतो, ह्याची सरासरी काढली तर बाराही महिने कोणीतरी पंखा एक नंबरवर लावलाय असं वाटेल. सकाळी कुठून, दुपारी कुठून, साधारण किती, एवढं पुरे. भरतीच्या वेळा भारतीय सर्वेक्षण खातं वर्षभराच्या आधीच काढून ठेवतं, वाऱ्या-लाटांचा अंदाज हवामान खातं आणि हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राचे अंदाज काढणारं सरकारी केंद्र) मच्छीमारांसाठी रोज देतं. कोणी ट्रेनीसुद्धा दहा मिनिटांत करेल. मला सांगितलंत तर मी करून पाठवेन, पण दशमीला माझ्यावर विश्वास ठेवू नका.

अक्षर जरा मोठं ठेवा मात्र. मामाच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं होळीनंतर आहे.

आपली,
एक जुनी वाचक, माझगाव